कॅमेरा घेऊन विमानात बसताना

मिरजेहून फोटोग्राफीला लांब जायचं म्हटलं की आपलं जंक्शन आहेच. पण आता कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून विमानही मिळतं. रेल्वेत बॅग सीटखाली सरकवली की झालं. विमानात तसं नाही.

पहिला नियम बॅटरीचा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. का? आत शॉर्ट झालं की सेल तापतो आणि शेजारचा सेल पेटवतो. कार्गोतला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतू शकतात.

मर्यादा 100 वॉट-अवरची. गणित आपलंच : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. कॅमेऱ्याची 7.2 व्होल्ट, 2 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे फक्त 14.4. काळजी नको! पण व्हिडिओची 14.8 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची 148 भरते. 100 ते 160 मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी हवी, सुट्या दोनच. त्यापुढे बंदी. टोकांना चिकटपट्टी लावायला विसरू नका.

बॉडी, लेन्स जवळ ठेवा. ट्रायपॉड चेक-इनला द्या. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला साधारण 7 किलोच मिळतात, म्हणून होस्टेलवरच वजन करून निघा. रोल वापरणाऱ्यांनी तो चेक-इनला देऊ नये. तिथल्या जोरदार एक्स-रेने फिल्म धुरकटते.

आणि पुण्याहून निघालात, तर लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे कॅमेरा बॅगेतच बरा!