दातावरील टोपी टिकते ती जोडणीने

दंतविभागास भेट देणारे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात : यंत्राने टोपी अचूक कोरून दिलेली असताना ती बसविण्यास एवढा वेळ का लागतो? त्याचे उत्तर येथे देत आहोत.

संगणकाच्या साहाय्याने यंत्रावर कोरलेले भरण १९८५ साली झुरिक विद्यापीठात प्रथम रुग्णाच्या दातात बसविले गेले. पुढे अशा कामासाठी काँपोझिटचे ठोकळे आले. रेझिन आणि सिरॅमिकचे सूक्ष्म कण यांचे हे मिश्रण कारखान्यातच पूर्ण घट्ट केलेले असते. ते चिवट असते व समोरचा दात फारसा झिजवत नाही. मात्र पुरते घट्ट झालेल्या रेझिनमध्ये नव्या सिमेंटशी सांधण्याजोगे रासायनिक दुवे फार थोडे उरतात. थ्री-एम कंपनीने २०१५ साली आपला 'लाव्हा अल्टिमेट' हा ठोकळा पूर्ण टोपीसाठी वापरू नये असे जाहीर केले, कारण टोप्या अपेक्षेहून अधिक प्रमाणात सुटत होत्या. पदार्थ मजबूत असला, तरी जोडणी कच्ची राहू शकते, हाच त्याचा बोध.

सायकलची पंक्चर काढणारा ट्यूब आधी घासतो, पुसतो, सोल्यूशन लावतो आणि मगच ठिगळ दाबतो. येथेही क्रम तसाच आहे. टोपी दातावर बसवून पाहिल्यावर तिची आतील बाजू अ‍ॅल्युमिनाच्या सुमारे ५० मायक्रॉन कणांच्या हलक्या झोताने खरखरीत केली जाते. ती स्वच्छ करून तीवर सिलेन हे दुवा साधणारे द्रव्य लावतात. दाताच्या कवचावर ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल काही सेकंद ठेवून धुतात. त्यामुळे पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत रेझिन शिरून घट्ट धरते. आम्लाचा हा उपयोग डॉ. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिला. शेवटी रेझिन सिमेंट भरून टोपी दाबतात, बाहेर आलेले सिमेंट काढतात आणि प्रकाशाने ते पक्के करतात.

या सर्व काळात लाळेचा स्पर्श होता कामा नये. तो झाल्यास सफाई पुन्हा करावी लागते. म्हणूनच दाताभोवती रबराचा पडदा लावतात व लाळ सतत ओढून घेतात.

कुरुंदवाड व शिरोळ तालुक्यातील शेतमजूर कुटुंबास दुसरी खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. सुटलेल्या टोपीखाली कीड लागल्यास दातही गमवावा लागतो. झोताचे उपकरण, रबराचा पडदा, ताजे सिमेंट या बाबी अहवालात किरकोळ दिसतात. परंतु आपल्या देणगीचे चीज तेथेच होते.

रुग्णांस विनंती की, अशा दाताने ऊस सोलू नये. टोपी सुटल्यास घरगुती गोंदाने चिकटवू नये. ती डबीत जपून ठेवून त्वरित दंतवैद्यांकडे आणावी. पुष्कळदा तीच टोपी पुन्हा बसविता येते.