कापण्याआधी चालवून पाहा

ज्याला आधीच धाप लागते त्याचं फुफ्फुस कापायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती विरून पोकळ्या होतात, हवा आत अडकते आणि फुगलेलं फुफ्फुस श्वासपटलाला दाबून सपाट करतं. वरचा निकामी झालेला वीस-तीस टक्के भाग काढला की उरलेल्याला जागा मिळते. १९५० च्या दशकात ओटो ब्रँटिगन यांनी मांडलेली ही कल्पना १९९० च्या दशकात जोएल कूपर यांनी पुन्हा उचलली. अमेरिकेत १,२१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. आजार वरच्या भागात एकवटलेला आणि व्यायामाच्या कार्यक्रमानंतरही श्रम झेपण्याची ताकद कमी, अशांचं आयुष्य शस्त्रक्रियेने वाढलं. मात्र श्वासाची क्षमता फारच खालावलेल्या आणि शिवाय आजार सर्वत्र पसरलेल्या किंवा रक्तात वायू नीट न मिसळणाऱ्या रुग्णांपैकी १६ टक्के महिन्याभरात दगावले. तशाच पण केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी एकही नाही. म्हणजे खरी कसोटी सुरीची नाही, निवडीची आहे.

ही निवड साध्या गोष्टींपासून सुरू होते. तीस मीटरचा सरळ पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर, सहा मिनिटं आपल्या चालीने चालायचं. थांबलं तरी घड्याळ चालूच. मग स्पायरोमेट्री, सीटी स्कॅन. कोपरगावसारख्या तालुक्यात इथेच एक पेच आहे. पऱ्हाट्या-गोवऱ्यांच्या चुलीपुढे वर्षं काढलेल्या बाईचा दम बिडीवाल्याच्या दमासारखाच दिसतो, पण चुलीचा धूर वायुकोशांपेक्षा श्वासनलिकांना जास्त दुखावतो. तिथे कापून काढण्याजोगा भाग बहुधा सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल, गरिबाला ऑपरेशन नाकारण्याची ही सबब आहे. तसं नाही, सीटी न काढता 'तुमच्या वयाला झेपणार नाही' म्हणून परत पाठवणं, हे खरं नाकारणं. दुसरा आक्षेप असा की आता दुर्बिणीतून श्वासनलिकेत हवा अडवणारा व्हॉल्व्ह बसवतात, मग छाती उघडायचीच कशाला? बरोबर, पण शेजारच्या कप्प्यातून हवा शिरत असेल तर व्हॉल्व्ह फुकट जातो आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत फुफ्फुसाबाहेर हवा साचते. त्यामुळे पहिले काही दिवस रुग्णालयातच काढावे लागतात. फुफ्फुसाचं प्रत्यारोपण मोजक्यांसाठीच; दाता मिळाला तरी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, आणि तपासणीसाठी पुण्या-मुंबईच्या खेपा. यातलं काहीही ठरण्याआधी बिडी सुटलेली हवी आणि काही आठवड्यांचा श्वासाचा व पायांचा व्यायाम झालेला हवा. तो कोपरगावातच होऊ शकतो, आणि काहींना त्यानंतर सुरीची गरजच उरत नाही.