म्हैस मुकी, पण तिचं मूत्र बोलतं

वडूजला घरी गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "एवढा शिकतोयस, तर सांग बरं, आमची म्हैस माजावर आली होती का नव्हती?"

हसू नका. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात वैरण विकत घ्यावी लागते, तिथं हा प्रश्न थेट पैशाचा आहे. म्हशीचं ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचं. एक माज हुकला की आणखी तीन आठवडे रिकामं जनावर पोसायचं.

गाय माजावर आली की हंबरते, दुसरीवर उडते. म्हैस बऱ्याचदा मुका माज दाखवते. त्यात उन्हाळा असला तर लक्षणं आणखी फिकी, आणि तीही रात्री, आपण झोपेत असताना. रेड्याला मात्र बरोबर कळतं. कसं?

म्हशीचं मूत्र हुंगून रेडा मान वर करतो, वरचा ओठ वळवतो आणि क्षणभर तसाच थांबतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपल्याला वाटतं हसतोय. खरं तर तो त्यातली रसायनं टाळूच्या छिद्रांतून वास ओळखणाऱ्या एका खास इंद्रियापर्यंत ओढून घेत असतो.

ही रसायनं कोणती? तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातल्या संशोधकांनी म्हशीच्या चक्रातल्या वेगवेगळ्या टप्प्यांचं मूत्र तपासलं. माजाच्या नमुन्यांत त्यांना 4-मिथाइलफिनॉल आणि ओलेइक आम्ल यांसारखी संयुगं वेगळी उठून दिसली.

दुसरी खूण लाळेत आहे. माजात इस्ट्रोजेन वाढतं, तसं लाळेतल्या आणि सोटातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं. थेंब काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते.

मग पट्टी बुडवली आणि रंग बदलला, इतकं सोपं का नाही? कारण ही रसायनं अगदी थोडी असतात, काही पटकन उडून जातात, आणि जनावरागणिक प्रमाण बदलतं. शिवाय चाचणी दोन प्रकारे चुकू शकते. खोटा होकार मिळाला तर एक रेतमात्रा वाया. खोटा नकार मिळाला तर 21 दिवस गेले. शेतकऱ्याला दुसरी चूक जास्त महागात पडते.

तोवर काय करायचं? पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात एक चक्कर मारा. काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट दिसतो का बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्या. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. म्हैस पुन्हा पुन्हा उलटत असेल तर मात्र पशुवैद्यकांना दाखवाच.