काठीला खांदा घासून

1978-79 च्या हंगामात स्कीइंगच्या वर्ल्ड कपमध्ये पुरुषांच्या जायंट स्लालमच्या 10 शर्यती झाल्या. दहाच्या दहा स्वीडनच्या एकट्या इंगेमार स्टेनमार्कनं जिंकल्या. वर स्लालमच्या आणखी 3. म्हणजे एका हिवाळ्यात 13 विजय. आणि हंगाम संपल्यावर सर्वसाधारण क्रमवारीत हा गडी कितवा होता? पाचवा!

हे गणित मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं. गणित असं, की तेव्हा पहिल्या क्रमांकाला 25 गुण मिळत. पण सर्वसाधारण विजेतेपदासाठी प्रत्येक प्रकारातल्या फक्त तीन सर्वोत्तम निकालांचे गुण धरायचे, असा नियम होता. चौथ्या विजयापासून पुढचं सगळं फुकट. स्टेनमार्क फक्त स्लालम आणि जायंट स्लालम खेळायचा, त्यामुळे त्याची कमाल मर्यादा 75 अधिक 75, म्हणजे 150. ती त्यानं गाठली आणि तिथेच अडकला. स्वित्झर्लंडचा पेटर ल्युशर डाउनहिलसकट सगळीकडे हजेरी लावून 186 गुणांवर विजेता झाला. त्याआधीची सलग तीन वर्षं, 1976 ते 1978, हे विजेतेपद स्टेनमार्ककडेच होतं. नियम त्याला वेसण घालण्यासाठीच केला, असं स्वीडनमध्ये आजही मानतात. सर्व प्रकारांत उतरणाराच खरा विजेता, ही दुसरी बाजू मला समजते. समजते, पटत नाही.

आता थोडी प्राथमिक माहिती, घाईघाईनंच. डाउनहिल म्हणजे सुसाट उतार, ताशी 100 किलोमीटरच्या वरचा वेग. स्लालम म्हणजे त्याच्या अगदी उलट, जवळजवळ रोवलेल्या लाल-निळ्या काठ्यांच्या साठेक गेटमधून नागमोडी उतरणं. एक गेट चुकलं की बाद. दोन धावा, दोन्हींची आखणी वेगळी, वेळेची बेरीज करून निकाल. जायंट स्लालममध्ये काठ्या लांब लांब असतात आणि वेग जास्त. ज्यांनी शाळेच्या मैदानावर खो-खोत एकेरी साखळी खेळली आहे, त्यांना स्लालम निराळा समजावून सांगायला नको. फक्त मैदान बर्फाचं, तेही छपरासारखं उतरतं, अशी कल्पना करायची. झालं.

स्टेनमार्कचा जन्म 18 मार्च 1956 चा. टेनिसवाला ब्यॉर्न बोर्गही त्याच वर्षाचा, तोही स्वीडिश, तोही मितभाषी. एका छोट्या देशात एकाच वर्षी असे दोन अबोल जगज्जेते जन्मावेत! बोर्ग विम्बल्डनवर पाच वर्षं राज्य करत होता तेव्हा हिवाळ्यात हा डोंगरावर होता. त्याची दुसरी धाव सुरू झाली की स्वीडनमध्ये कचेऱ्यांतली कामं थांबत आणि शाळांच्या वर्गात टीव्ही आणून ठेवत. पत्रकारांची मात्र पंचाईत. जिंकल्यावर हा दोन वाक्यांत उरकायचा.

त्याचं गाव टेर्नाबी, स्वीडनच्या लॅपलँड भागात, नॉर्वेच्या सीमेजवळ. वस्ती पाचेकशेची. माझा एक मामेभाऊ उमेओला नोकरीला होता, तेव्हा त्याच्यामागे लकडा लावून मी तिथं गेलो. उन्हाळा होता. उमेओहून ई-12 हा रस्ता जंगलं आणि तळी यांच्यामधून तासन् तास पश्चिमेला जातो. समोर गेऊतान तळं, मागे टेकडी, मध्ये गाव. मामेभाऊ म्हणाला, ''एवढ्यासाठी आणलंस मला?'' मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. टेकडीच्या उताराला आता इंगेमारचंच नाव आहे. आल्प्स पाहिलेल्या माणसाला ती टेकडी म्हणताना संकोच वाटेल, इतकी बेताची. पण ती घरांच्या पाठीलाच चिकटलेली आहे आणि मला सगळं उत्तर त्यातच दिसलं. शाळा सुटली की पोरं थेट उतारावर. याच गावाचा स्टिग स्ट्रांड, स्टेनमार्कच्याच वयाचा. 1983 मध्ये स्लालमच्या वर्ल्ड कपमध्ये स्टेनमार्क पहिला आणि हा दुसरा. आन्या पेर्सन, 2006 च्या तुरीन ऑलिंपिकमधली स्लालमची सुवर्णविजेती, तीही इथलीच. एवढ्याशा गावात असे तिघे!

तिथल्या एका आजोबांनी गॅरेजमधून एक जुनी काठी काढून माझ्या हातात दिली, आणि ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग इथं सुरू होतो. काठी बांबूची होती. आपला साधा बांबू. अंगठ्याहून बरीच जाड, माझ्या डोक्याच्या वर जाणारी, टोकाला तासलेली. लाल रंग पेरांच्या मधल्या भागातून पार उडालेला, पेरांच्या कडांवर तेवढा शिल्लक. आजोबांनी ती बागेतल्या मातीत ठोकली आणि मला खुणेनं सांगितलं, खांद्यानं ढकल. मी ढकललं. काठी जेमतेम वाकली आणि परत आली ती माझ्या दंडावर. मी चालत होतो. स्लालमचा खेळाडू ताशी 40 किलोमीटरच्या वेगात असतो.

आजच्या शर्यतींत काठ्या प्लास्टिकच्या असतात आणि बुडाशी स्प्रिंगचा सांधा असतो. धक्का लागला की आडव्या होतात, पुन्हा उभ्या राहतात. त्यामुळे आजचा खेळाडू काठीला वळसा घालतच नाही. स्की तेवढ्या काठीच्या बाहेरून जातात, तो स्वतः नडगीनं आणि मुठीनं काठी पाडत जवळजवळ सरळ खाली येतो. नडगीवर, हातावर, तोंडासमोर चिलखतं. हा बदल 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधी बांबू होता आणि बांबूला धडक देणं परवडत नसे. सगळं शरीर काठीच्या बाहेरून न्यायचं, पण बोटभरही जास्त बाहेरून नाही. स्टेनमार्कच्या जुन्या चित्रफिती बघा. खांदा काठीला घासतो, काठी किंचित थरथरते, आणि तोवर गुडघे पुढच्या वळणात शिरलेले असतात. कंबरेच्या वरचा भाग स्थिर, सगळी हालचाल खालच्या खाली. इतर खेळाडू वळणाच्या शेवटी कडा दाबून बर्फ उडवत. याच्या स्कींमागे बर्फ कमी उडतो. उडालेला बर्फ म्हणजे वाया गेलेला वेग. माझ्या मते त्याचं मोठेपण वर्ल्ड कपमधल्या एकूण 86 विजयांच्या आकड्यात नाही, या न उडालेल्या बर्फात आहे.

या शैलीला घडवणारा प्रशिक्षक होता एर्मान्नो नोग्लर, इटलीतल्या वाल गार्देनाचा. आणि स्टेनमार्कच्या पायाखालच्या स्की कुठल्या? युगोस्लाव्हियाच्या! आज स्लोव्हेनियात असलेल्या बेगुन्ये गावच्या एलान कंपनीच्या. ऑस्ट्रिया-फ्रान्सच्या बड्या कंपन्या असताना हा शेवटपर्यंत एलानवरच राहिला. याच एलाननं पुढं 1990 च्या दशकात मध्ये बारीक आणि टोकांना रुंद अशा स्की बाजारात आणल्या आणि सगळ्या खेळाचं वळण बदललं. आज पुरुषांच्या स्लालमच्या स्कीची किमान लांबी 165 सेंटिमीटर आहे. स्टेनमार्कच्या दोन मीटरच्या वर असत. त्या लांबड्या फळ्या घेऊन तो बांबूला चिकटून वळायचा. असो, मी वाहवत चाललो.

पहिला वर्ल्ड कप विजय डिसेंबर 1974 मध्ये, इटलीत माडोना दी काम्पिल्योला. त्याच हंगामाच्या शेवटी, मार्च 1975 मध्ये, वाल गार्देनात एक नाट्य घडलं. शेवटच्या शर्यतीआधी इटलीचा गुस्तावो थोनी, ऑस्ट्रियाचा फ्रांझ क्लामर आणि नुकतीच एकोणीस पूर्ण केलेला स्टेनमार्क, तिघांचे 240 गुण. शर्यत समांतर स्लालमची, दोघे शेजारी शेजारी, हरला तो बाहेर. क्लामर लवकर गेला. अंतिम लढत थोनी विरुद्ध स्टेनमार्क, आणि प्रेक्षक सगळे इटालियन. थोनी जिंकला.

सप्टेंबर 1979 मध्ये इटलीतच डाउनहिलचा सराव करताना स्टेनमार्क पडला. डोक्याला जबर मार, बेशुद्ध. त्यानंतर पाचच महिन्यांनी लेक प्लॅसिडचं हिवाळी ऑलिंपिक. जायंट स्लालममध्ये पहिल्या धावेनंतर तिसरा, शेवटी सुवर्ण. स्लालममध्ये पहिल्या धावेनंतर चौथा. अमेरिकेचा फिल मेअर पुढं, घरच्या प्रेक्षकांसमोर, वर्षापूर्वी मोडलेल्या घोट्यात धातूची पट्टी घेऊन. दुसऱ्या धावेत स्टेनमार्कनं त्याला अर्ध्या सेकंदानं मागं टाकलं. पहिली धाव सांभाळून, दुसरी जीव ओतून, हा त्याचा नेहमीचा खाक्या.

वर्ल्ड कपमधल्या डाउनहिलला तो आयुष्यात एकदाच उतरला. जानेवारी 1981, किट्सब्युएल, म्हणजे सगळ्यांत धडकी भरवणारा उतार. डाउनहिल आणि स्लालम मिळून धरल्या जाणाऱ्या संयुक्त गुणांसाठी उतरला, 34 वा आला, विजेत्यापेक्षा दहाहून अधिक सेकंद मागे. स्लालममध्ये शतांश सेकंदांवर जगणारा माणूस! त्या वर्षीचं सर्वसाधारण विजेतेपद फिल मेअरनं 6 गुणांनी नेलं.

1984 च्या सारायेवो ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. जाहिरातींचे पैसे थेट स्वतः घेण्याचा परवाना त्याच्याकडे होता, म्हणून अपात्र. लिश्टेनस्टाइनची हानी वेंझेलही त्याच कारणानं बाहेर. बाकीचे पैसे घेत नव्हते असं मुळीच नाही. ते संघटनेच्या मार्फत घेत. राजरोस घेणाऱ्याला शिक्षा आणि वळसा घालून घेणाऱ्याला पदक, हा न्याय मला ढोंगी वाटतो. तिथं स्लालमचं सुवर्ण मेअरला आणि रौप्य त्याच्या जुळ्या भावाला, स्टीव्हला मिळालं.

1988 च्या कॅल्गरी ऑलिंपिकला परवानगी मिळाली. 31 वर्षांचा स्टेनमार्क स्लालममध्ये पाचवा आला. दुसरी धाव मात्र सर्वांत जलद त्याचीच. याच कॅल्गरीत शैलजा कुमार महिलांच्या स्लालममध्ये उतरली होती, हिवाळी ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय महिला. ती 28 वी आली, शर्यत पूर्ण करणाऱ्यांत शेवटची. पण स्लालममध्ये भलेभले अर्ध्यात बाद होतात, तिनं दोन्ही धावा पुऱ्या केल्या. आपल्याकडे तिचं नाव किती जणांना माहीत आहे?

शेवटचा विजय फेब्रुवारी 1989 मध्ये अमेरिकेत ॲस्पेनला, आणि त्याच वर्षी निवृत्ती. एकूण 86 विजय, 40 स्लालमचे, 46 जायंट स्लालमचे. हा आकडा 34 वर्षं टिकला. 11 मार्च 2023 रोजी अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिननं 87 वा विजय मिळवला, तोही स्वीडनमध्येच, ओरेला. पुरुषांत अजून कोणी त्या आकड्याच्या जवळ नाही. मार्सेल हिर्शर 67 वर थांबला.

लेक प्लॅसिडच्या स्लालमच्या चित्रफिती आता घरबसल्या मिळतात. दोन्ही धावा मिळून 1 मिनिट 44 सेकंदांचा मामला आहे. आधी मेअरची दुसरी धाव बघा, मग स्टेनमार्कची, आणि नजर त्याच्या गुडघ्यांवर ठेवा.