व्हिसावरचा हुद्दा आणि घरची माणसं

दुबईत नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात दोन प्रश्न हमखास विचारतो. पोळी-भाजीचा डबा कुठे मिळेल, आणि बायको-मुलांना कधी आणता येईल? पहिल्याचं उत्तर करामात किंवा बर दुबईत दहा मिनिटांत मिळतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दहा जणांकडून दहा उत्तरं येतात. कोणी म्हणतं चार हजार दिरहम पगार पुरे, कोणी म्हणतं दहा हजार हवा, कोणी म्हणतं हुद्दा इंजिनिअरचाच पाहिजे. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक उत्तर कधीतरी, कुणासाठी तरी खरं होतं.

मी संगणक अभियांत्रिकी शिकून इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आठ वर्षांत मित्रांचे, शेजाऱ्यांचे आणि नाशिक-सांगलीहून फोन करणाऱ्या अनेकांचे कागद पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. तुम्ही काय काम करता यावर इथली पात्रता ठरत नाही. कागदावर तुमचा हुद्दा काय लिहिला आहे, मूळ पगार किती दाखवला आहे आणि पदवीवर शिक्के आहेत का, यावर ती ठरते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमला माणूस दिसत नाही, रकान्यात भरलेलं दिसतं.

आधी सोपा भाग. बायको-मुलांना आणण्यासाठी महिन्याला किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. २०१९ च्या आधी पगारासोबत हुद्दाही पाहिला जायचा. ठरावीक हुद्द्यांच्या लोकांना कुटुंब आणताच येत नसे. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी घरं अशी आहेत, जिथे वडील वर्षानुवर्षं आखातात आणि आई-मुलं गावी, भेट दोन वर्षांतून एकदा सुट्टीत. त्यामागे खर्च होता तसा नियमही होता. २०१९ मध्ये ही हुद्द्याची अट गेली आणि पगार हा निकष राहिला. ‘इंजिनिअरच पाहिजे’ हा सल्ला त्या जुन्या काळातला आहे. सांगणारा खोटं बोलत नाही, त्याची माहिती जुनी आहे इतकंच.

ऑक्टोबर २०२२ पासून व्हिसाची नवी पद्धत लागू झाली. मुलगा आता अविवाहित असेपर्यंत २५ व्या वर्षापर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो, पूर्वी ही मर्यादा १८ होती. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. आई नोकरी करत असेल आणि मुलांना तिच्या व्हिसावर आणायचं असेल, तर वडिलांचं लेखी संमतिपत्र लागतं.

गोंधळाचं दुसरं कारण म्हणजे देश एक असला तरी खिडक्या दोन आहेत. दुबईचा व्हिसा दुबईचं स्वतःचं निवास खातं, म्हणजे जीडीआरएफए देतं. अबू धाबी, शारजा, अजमान आणि बाकीच्या अमिरातींसाठी संघराज्याचं आयसीपी हे प्राधिकरण आहे. कायदा तोच असला तरी कागदांची यादी, अनामत, घराचा करार कसा हवा, यात फरक पडतो. दुबईत भाडेकरार ‘इजारी’त नोंदवलेला लागतो, अबू धाबीत ‘तौथीक’मध्ये. त्यामुळे शारजातल्या मावसभावाचं काम ज्या कागदांवर झालं, त्याच कागदांवर दुबईत तुमचं होईल असं धरून चालू नका. कुणी सल्ला दिला, की आधी दोन गोष्टी विचारा: व्हिसा कुठल्या अमिरातीचा, आणि कुठल्या वर्षी काढला?

आता ‘कुशल’ या शब्दाकडे येऊ. ग्रीन व्हिसा हा पाच वर्षांचा, आणि त्यात कंपनी तुमची स्पॉन्सर नसते. नोकरदारासाठी तीन अटी आहेत: मंत्रालयाच्या यादीतल्या पहिल्या तीन कौशल्य स्तरांतला हुद्दा, किमान पदवी, आणि महिन्याला १५,००० दिरहम पगार. फ्रीलान्सरला मंत्रालयाचा परवाना आणि मागच्या दोन वर्षांत वर्षाला किमान ३,६०,००० दिरहम उत्पन्न दाखवावं लागतं. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा कुशल नोकरदाराला पहिल्या दोन स्तरांत आणि ३०,००० दिरहम पगारावर मिळू शकतो. पहिल्या स्तरात व्यवस्थापक, दुसऱ्यात अभियंते-डॉक्टरांसारखे व्यावसायिक, तिसऱ्यात तंत्रज्ञ, चौथ्यात कारकुनी कामं, पाचव्यात विक्री आणि सेवा.

हे वाचून सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं, आपण दुसऱ्या स्तरात, विषय संपला. पण व्हिसावर हुद्दा लिहिते कंपनी. माझ्या ओळखीचा एक मुलगा डेटाबेसचं काम करतो. पुण्याच्या कॉलेजातला बीई, कामात हुशार. त्याच्या व्हिसावर हुद्दा होता विक्री प्रतिनिधीचा, कारण कंपनीकडे त्या वेळी तेवढीच जागा मंजूर होती. ‘काम तर तेच आहे, पगारही तोच,’ असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा ते खरंही होतं. चार वर्षांनी ग्रीन व्हिसाचा अर्ज करायची वेळ आली, तेव्हा पगार बसत होता, पदवी होती आणि हुद्दा पाचव्या स्तरातला. अर्ज टायपिंग सेंटरच्या टेबलावरूनच परत आला. हुद्दा बदलायला कंपनी तयार व्हावी लागते, नव्या हुद्द्यासाठी पदवीचे सगळे शिक्के लागतात, आणि तोवर घरचा सगळा बेत थांबतो.

फ्री झोनमधल्या कंपन्यांचा करार त्या झोनच्या प्राधिकरणाकडे नोंदवला जातो. त्यामुळे आपल्या हुद्द्याला मंत्रालयाचा कुठला स्तर धरला जाणार, हे तिथल्या लोकांनी आधीच विचारून ठेवावं.

पगाराचंही तसंच. ऑफर लेटरवरचा आकडा मूळ पगार, घरभाडं, प्रवास असा फोडलेला असतो. गोल्डन व्हिसासाठी अलीकडे एकूण नव्हे, मूळ पगार पाहिला जातो, असा अनुभव बऱ्याच जणांना आला आहे. शिवाय नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. म्हणजे सही करताना घासाघीस एकूण आकड्यावर न करता मूळ पगारावर केली, तर ती दोनदा कामाला येते.

शिक्क्यांची वाट मुंबईतून जाते. पदवीवर आधी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा आणि शेवटी इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांची वाट राज्याच्या गृह विभागातून सुरू होते. हे काम इथून करायला गेलं की कुरिअर आणि एजंट यांच्यात महिने जातात. येण्याआधी पदवी, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांवर शिक्के मारून घ्या. पुढे चार ठिकाणी तेच लागतात.

आणि नावं! हा खास आपला मराठी घोळ. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. आईच्या बाबतीत तर सासरी ठेवलेलं वेगळंच नाव. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई शकुंतला, पासपोर्टवर सुमन. आपल्याला ती एकच बाई आहे हे सांगावं लागत नाही. इथल्या काउंटरवर मात्र त्या दोन बायका असतात. नाव बदलल्याची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून पासपोर्ट दुरुस्त करून घेणं हा सरळ मार्ग आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल तर तोही भरून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने इथे प्रवेश देणं बंद झालं आहे.

इथवरचं सगळं पैशाने आणि वेळेने सुटतं. आई-वडिलांचं तसं नाही.

आई-वडिलांचा निवासी व्हिसा सहसा एका वर्षाचा असतो. दरवर्षी नूतनीकरण. दुबईत यासाठी आजवर २०,००० दिरहम पगाराची अट सांगितली जात आली आहे, म्हणजे बायको-मुलांच्या पाचपट. शिवाय दोघांचीही अनामत आणि आरोग्य विमा. साठी-सत्तरीत, त्यात मधुमेह किंवा हृदयविकार असला, की विम्याचा हप्ता ऐकूनच माणूस गप्प होतो. दोघांना एकत्रच आणावं लागतं. एकालाच आणायचं तर दुसऱ्याच्या मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा कागद हवा. आणि वकिलातीकडून प्रमाणित करून द्यावं लागतं, की आई-वडिलांचा एकमेव आधार आपणच आहोत आणि मायदेशी त्यांना सांभाळणारं कोणी नाही.

माझा एक मित्र सातारा जिल्ह्यातला. पगार बसत होता, घर दोन बेडरूमचं होतं, विम्याचीही तयारी होती. त्या एका वाक्यापाशी तो अडला. गावी त्याचा थोरला भाऊ आहे, शेती करतो, आई-वडील त्याच्याकडेच असतात. औषधपाण्याचे पैसे हा पाठवतो. मित्र मला म्हणाला, “रात्री दोनला बाबांना गाडीत घालून दवाखान्यात नेतो तो दादा. आणि मी शिक्का मारून लिहून देऊ, की त्यांना बघणारं कोणी नाही?” टायपिंग सेंटरवाला म्हणत होता, सगळेच देतात, नुसता फॉर्म आहे. मित्राने भावाला फोन करून तो मजकूर वाचून दाखवला. भाऊ थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “तुला न्यायचं असेल तर ने, पण असं लिहून नको नेऊस.”

त्याने सही केली नाही. दुसरा रस्ता शोधला आणि तो मला बऱ्याच घरांना उपयोगी वाटतो. यूएईचा पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा पर्यटक व्हिसा आहे. त्याला स्पॉन्सर लागत नाही. अर्जदाराच्या बँक खात्यात मागचे सहा महिने ४,००० अमेरिकी डॉलर किंवा तेवढी रक्कम असावी लागते, आणि आरोग्य विमा. एका वेळी ९० दिवस राहता येतं, मुदत वाढवता येते, पण वर्षात एकूण १८० दिवसांच्या वर नाही. मित्राने आई आणि वडील दोघांच्या खात्यात आधीच पैसे ठेवले. आता ते दिवाळी आटोपली की येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. गावाची शेती, गणपती, दादाची मुलं, काहीच तुटत नाही.

अर्थात वडील गेलेत, आई एकटी आहे, आणि मुलगा खरोखरच एकुलता एक आहे, अशा घराला निवासी व्हिसाच योग्य. तिथे ते वाक्य खरं असतं. फक्त त्यातली एक गोष्ट आईला आधी सांगा: साधा निवासी व्हिसा असताना सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं, तर तो रद्द होऊ शकतो. गौरी-गणपतीला गेलेली आई ‘होळी करूनच येते’ म्हणाली, तर पंचाईत.

आणखी एक. कुटुंबाचा व्हिसा तुमच्या व्हिसाला बांधलेला असतो. नोकरी गेली तर मुलांची शाळा, भाडेकरार, सगळ्यांचे दिवस एकदम मोजायला लागतात. ग्रीन आणि गोल्डन व्हिसावाल्यांना व्हिसा संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत सवलतीची मुदत मिळते. इतर बऱ्याच जणांची कमी असते. म्हणूनच व्हिसावरच्या हुद्द्याकडे पहिल्याच दिवशी लक्ष द्यायचं. ऑफर हातात आली की एचआरला ईमेलवर तीन प्रश्न विचारा: व्हिसावर नेमका कुठला हुद्दा लिहिणार, त्याचा कौशल्य स्तर कोणता, आणि मूळ पगार किती? उत्तर लेखी घ्या. अटी यूएई सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच आठवड्यात वाचा, दुबईचं काम असेल तर आमेर केंद्रात जाऊन खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीवर तारीख नसेल, तर ती यादी नाही असं समजा.

शेवटी गावाकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. ‘मुलगा दुबईला आहे ना, मग आई-वडिलांना नेत का नाही?’ हा प्रश्न लग्नाकार्यात सहज विचारला जातो. त्या मुलाच्या पगारात पाचशे दिरहम कमी पडत असतील, व्हिसावर चुकीचा हुद्दा असेल, किंवा भावाला दुखावणारा एक कागद त्याने सही न करता परत ठेवला असेल. यातलं काहीही तो मांडवात उभा राहून सांगणार नाही. तेव्हा आई-वडिलांनाच विचारा, की तुम्हाला जायचंय का? बऱ्याचदा त्यांचं उत्तर ‘थंडीत दोन महिने, बास’ एवढंच असतं, आणि तेवढ्याची सोय नियमात आहे.