सहेरीचा फोन

रमजान सुरू झाला की पहाटे चारच्या सुमाराला तिचा फोन वाजायचा. पलीकडून अम्मी एवढंच विचारायची, "उठी क्या बेटा?" लग्नाला अठरा वर्षं झाली, मोबाईलमध्ये गजर आहे, घरात तिच्याआधी उठणारी सासू आहे. तरी हा फोन कधी चुकला नाही. यंदा पहिल्या रोज्याला गजर वाजला, ती उठली, भाकरी थापली आणि तव्यापुढेच तिला रडू फुटलं. आतल्या खोलीतून आवाज आला, "सब्र करो."

घरात मयत झाली की सर्वांत आधी हाच शब्द कानी पडतो. सब्र म्हणजे धीर. पण 'रडू नको' असा त्याचा अर्थ कुठून आला, कोण जाणे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या मांडीवर त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांचे डोळे वाहिले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांची आई आमिना वारली. मक्का-मदिनेच्या वाटेवर अबवा इथं तिला दफन केलं. कित्येक वर्षांनी ते त्या कबरीवर गेले तेव्हा इतके रडले की सोबतच्यांनाही रडू आवरेना. मनाई आहे ती ऊर बडवण्याला, कपडे फाडण्याला. अश्रूंना नाही.

नवरा गेला तर बाईला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. त्या काळात ती दुःखात आहे हे सगळे धरूनच चालतात. आईसाठी सुतक पाळण्याची मुदत तीन दिवस. जियारत झाली, पाहुणे पांगले की मुलगी सासरी परतते आणि चौथ्या दिवशी डबे, शाळा, धुणं सुरू. तीन दिवसांची ही मर्यादा शोक पाळण्याच्या रीतीला आहे, आतल्या दुःखाला नाही, हे फार कमी घरांना उमगतं.

मुलींना एक गोष्ट मात्र मिळते, आणि ती मोठी आहे. बाईच्या मयतीला आंघोळ बायकाच घालतात. बोरीच्या पाल्याचं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. प्रेषितांची कन्या वारली तेव्हा उम्मे अतिया (र.) आणि इतर बायकांनी तिला अशीच आंघोळ घातली आणि तिच्या केसांच्या तीन वेण्या घातल्या, असं हदीसमध्ये आहे. ज्या आईनं शाळेला जाताना वेणी घातली, तिच्या केसांतून मुलीनं शेवटचा हात फिरवायचा. पुष्कळदा जाणत्या बायका "तुझ्याने होणार नाही" म्हणत मुलीला बाहेर बसवतात. तिला विचारावं तरी. जनाजा उचलला की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बायका दारातच थांबतात, कबरीवर मूठभर माती टाकायला पुरुष जातात. त्यामुळे गुस्लची ती अर्धीएक घटका हीच तिची खरी भेट असते.

हजरत खदीजा (र.) यांचं निधनही रमजानमधलंच मानलं जातं, इ.स. ६१९ च्या सुमाराचं. ते वर्ष 'दुःखाचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. त्या घरात आईविना मुली होत्या, धाकटी फातिमा (र.). पुढं हजरत सौदा (र.) घरात आल्या आणि त्यांनी या मुलींचं पाहिलं. पत्नी गेल्यानंतरही प्रेषित बकरं कापलं की खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत. आईच्या मैत्रिणी हा आईचाच उरलेला भाग असतो. आपल्या गल्लीतही अशी एखादी खाला असतेच.

शेजारी हिंदू असतील तर त्यांची अडचण वेगळी. जावं का, काय न्यावं, काय बोलावं? खुशाल जावं. जाफर (र.) मुअतहच्या लढाईत कामी आले तेव्हा त्यांच्या घरी जेवण करून पाठवा, असं प्रेषितांनी सांगितलं होतं. मराठी घरांतला कडू घास हाच. वरणभात चालतो. बोलायला सुचत नसेल तर शेजारी बसावं, आईबद्दल काही आठवत असेल तर तेवढं सांगावं. "वय झालंच होतं" हे मात्र टाळावं. मुलीसाठी आईचं वय झालेलं नसतं. आणि डबा तिसऱ्या दिवशी थांबवू नये. पहिल्या इफ्तारीला, ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचं पातेलं चढवताना तिला माणसं हवी असतात.

आणखी एक गोष्ट कटू आहे, पण बोललीच पाहिजे. चाळीसावा होतो न होतो तोच कागद पुढं येतो: हक्कसोड. आईच्या नावचं घर, चार बांगड्या. "भावाशी वाईट कशाला?" कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरलेला आहे, भावाच्या निम्मा, पण ठरलेला, मालमत्ता थोडी असो वा फार. डोळे सुजलेल्या बहिणीची सही घेणं ही भावकीतली रीत असेल, शरियत नव्हे. हिंदू घरांतल्या बहिणींनाही हा कागद ओळखीचा आहे. तिला मदत करायची तर "आत्ता सही करू नको, वाचून बघू" एवढं म्हणणारं कुणीतरी हवं.

कित्येक महिने झोप नाही, अन्न नाही, मुलांकडेही लक्ष नाही, असं दिसलं तर दुआ आणि डॉक्टर दोन्ही हवेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

इकडे त्या तिघी बहिणींनी अम्मीच्या आजारपणात सुटलेले रोजे मोजले. एकवीस. प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचं जेवण, असा फिदिया तिघींनी वाटून घेतला. सहेरीचा फोनही आता थोरली करते, दोघी धाकट्यांना. थोरलीला उठवणारं कुणी नाही. पण तिच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं. हंडे भरायला उठलेल्या शेजारच्या काकू दुसऱ्या रोज्यापासून तिच्या खिडकीवर टकटक करतात. "उठलीस का गं?" एवढंच विचारतात आणि रांगेत जाऊन उभ्या राहतात.