तळघरातील पाणी : उपसण्याची घाई नको

जालना शहर कुंडलिकेच्या काठी वसलेले. मोठा पाऊस झाला की सखल भागातील दुकानांच्या तळघरांत पाणी शिरते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत दुष्काळी म्हणविल्या जाणाऱ्या मराठवाड्याने पुराचे पाणी किती झपाट्याने चढते हे पाहिले. अशा वेळी दुकानदार बांधवांना आधी माल आठवतो आणि ते रातोरात पंप लावतात. आमचे सांगणे या घाईविरुद्ध आहे.

भरलेल्या तळघराबाहेरची मातीही भिजलेली असते. आपल्याकडची काळी माती पाणी लवकर सोडत नाही. १ मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १ टन असतो. बाहेरून हा दाब भिंतीला आत ढकलतो, आतले पाणी तिला धरून ठेवते. आतले पाणी एकदम काढले की आधार जातो. मग भिंत फुगते, फरशी उचलली जाते. जुन्या दगड-चुन्याच्या इमारतींनी तर फारच जपावे.

म्हणून रस्त्यावरचे पाणी ओसरल्यावरच पंप लावावा. पहिल्या दिवशी फक्त १ फूट पाणी काढून भिंतीवर खूण करावी व रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर आले असेल तर अजून वेळ झालेली नाही. पावसाळ्यात विहीर उपसली तरी झरे ती पुन्हा भरतात, तसाच हा प्रकार. पाणी खुणेवरच राहिले तर रोज २ ते ३ फूट काढावे. पाइपाचे तोंड भिंतीपासून दूर, उताराकडे सोडावे. पायाशीच सोडलेले पाणी फिरून आत येते.

विजेची गोष्ट त्याहून जोखमीची. मेन स्विच तळघरातच असेल तर पाण्यात पाय घालू नये. महावितरणला कळवून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. डिझेल वा पेट्रोलचे इंजिन आत उतरवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. इंजिन रस्त्यावर, नळी आत. पाणी चढत असताना तर माल काढायलाही कोणी उतरू नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमधील तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मरण पावले.

आता हिशेब. २० बाय १० फुटांच्या तळघरात ५ फूट पाणी म्हणजे १००० घनफूट, सुमारे २८,३०० लिटर. पंपाने २०० लिटरचा ड्रम मिनिटात भरत असेल तर हे काम सव्वादोन-अडीच तासांचे. मात्र काम दोन-तीन दिवसांत वाटून करायचे आहे, तेव्हा पंपाचे भाडे ठरवतानाच तसे बोलून घ्यावे.

विमा असेल तर माल हलवण्याआधी फोटो काढावेत, कंपनीला लेखी कळवावे आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी करावी. शिलाई यंत्राची मोटार किंवा वेल्डिंगचे मशीन बाहेरून कोरडे दिसले म्हणून चालू करू नये. आधी कारागिराकडून उघडून वाळवून घ्यावे.